वीज घेऊन फिरणारी गाडी आणि तिचा मार्ग

उन्हाळ्यात वस्तीत पाण्याचा टँकर येतो. तो कोणत्या क्रमाने कोठे थांबतो, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु शेवटच्या घराला पाणी मिळेल की नाही, हे बहुतांशी त्या क्रमावरच अवलंबून असते. वीज घेऊन फिरणाऱ्या गाडीची गोष्टही अशीच आहे.

विजेवर चालणाऱ्या वाहनाची बॅटरी वाटेत संपली, अथवा घराजवळ ती भरून घेण्याची सोय नसली, तर काय करावे? वाहनाने विजेकडे जाण्याऐवजी विजेनेच वाहनाकडे जावे, असा एक उपाय निघाला आहे. एका गाडीत मोठी बॅटरी बसवितात, ती ठाण्यावर भरून घेतात आणि जेथून बोलावणे येईल तेथे गाडी नेतात. ग्राहकाच्या दारी डिझेल पोहोचविणाऱ्या पुण्याच्या रेपोस एनर्जी या कंपनीने २०२२ साली असे फिरते चार्जिंग-वाहन लोकांपुढे आणले. गाडी बांधणे हे यंत्रज्ञाचे काम होय. ती केव्हा, कोठे आणि कोणत्या क्रमाने न्यावी हे ठरविणे मात्र गणितज्ञाकडे येते.

हा प्रश्न अगदी नवा नाही. १९५९ साली जॉर्ज डँटझिग आणि जॉन रॅमसर या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी डेपोतून पेट्रोल-पंपांकडे जाणाऱ्या टँकरांचे मार्ग कसे आखावेत, याचे गणित मांडले. १९६४ साली क्लार्क आणि राइट यांनी ते अधिक सोपे केले. दोन ठिकाणांसाठी दोन वेगळ्या फेऱ्या करण्याऐवजी ती एकाच फेरीत जोडल्यास किती अंतर वाचते, हे पाहत जावे आणि जेथे बचत अधिक तेथे जोड प्रथम द्यावी, अशी त्यांची रीत होती.

सर्वच क्रम तपासून त्यांतील उत्तम तो का निवडू नये, असे कोणी विचारील. चार ठिकाणांना भेट देण्याचे २४ क्रम होतात. तेवढे कागदावर तपासता येतील. दहा ठिकाणांचे क्रम ३६,२८,८०० होतात, आणि पंधरांचे तर १ लाख ३० हजार कोटींहून अधिक! म्हणूनच एकेक क्रम मोजीत न बसता पुरेसा चांगला मार्ग लवकर देणाऱ्या युक्त्या शोधाव्या लागतात.

वीजगाडीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पाण्याच्या टँकरचे इंजिन त्यातील पाण्यावर चालत नाही. परंतु वीजगाडी स्वतःही विजेवर चालत असेल आणि एकाच बॅटरीवर तिची चाके व ग्राहक दोन्ही अवलंबून असतील, तर ती आपल्याच पखालीतून तहान भागविणाऱ्या भिश्तीसारखी ठरते. वाट जितकी लांब, तितके ग्राहकांच्या वाट्याला कमी.

आता एक उदाहरण घेऊ. रायपूर ही छत्तीसगढची राजधानी. १९५६ पर्यंत हे शहर विदर्भाबरोबर एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. रायपूरच्या शंकर नगर भागात अशी एक गाडी सायंकाळी ४ वाजता ४० युनिट वीज घेऊन उभी आहे, असे समजू. पुढील सर्व आकडे केवळ समजण्यापुरते मानलेले आहेत. चार बोलावणी आली आहेत. अवंती विहारातील मोटारीस १० युनिट हवी आहेत. तिला घाई नाही. तेलीबांध्याच्या मोटारीस १२ युनिट सात वाजेपर्यंत, तर मोव्याच्या मोटारीस १५ युनिट सहा वाजेपर्यंत हवी आहेत. पंडरीच्या कापडबाजारातील मालवाहू तीनचाकीस ५ युनिटच पुरेत. परंतु पाचच्या आत ती मिळाली नाहीत, तर चालकाची शेवटची खेप, आणि तिच्यासह त्या दिवसाची बरीचशी कमाई, बुडते. एक युनिट भरण्यास तीन मिनिटे लागतात.

‘जवळचे ते प्रथम’ हा नियम लावून पाहू. अवंती विहार पाच मिनिटांवर आहे. तेथील काम ४.३५ ला संपते. पुढे दहा मिनिटांवर तेलीबांधा, तेथे ५.२१ होतात. तेथून पंडरीस वीस मिनिटांनी, म्हणजे ५.४१ ला पोहोचावे, तो तीनचाकीची वेळ केव्हाच टळून गेलेली!

आता क्रम बदलू. पंधरा मिनिटांवरील पंडरी प्रथम घेतल्यास ४.३० ला तेथून निघता येते. पुढे पंधरा मिनिटांवरील मोवा ५.३० पर्यंत, नंतर वीस मिनिटांवरील अवंती विहार ६.२० पर्यंत उरकते, आणि ६.३० ला गाडी तेलीबांध्यास पोहोचते. आतापर्यंत ३० युनिट दिली गेली. परतीसह साऱ्या प्रवासाला ३ युनिट धरली, तर ७ उरतात. मागणी तर १२ ची आहे. शिवाय १२ युनिट भरण्यास ७.०६ वाजले असते. मग तेलीबांध्याच्या ग्राहकास विन्मुख पाठवावे काय? तसे करण्याचे कारण नाही. साधारण मोटार एका युनिटवर सुमारे सहा किलोमीटर जाते. सात युनिटांत चाळीस किलोमीटरची सोय होते, आणि तीही ६.५१ ला. बॅटरी पूर्ण भरणे आणि पुरेशी भरणे यांतील हा भेद ओळखला, म्हणजे चौघांचीही गरज भागते.

याच विषयात प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे स्मरण करणे उचित होईल. बंगालमधील ताग-पिकाच्या नमुना-पाहणीत शेतोशेत हिंडणाऱ्या पाहणीदारांचा प्रवासखर्च कसा मोजावा, याचा विचार त्यांनी १९४० च्या सुमारास केला होता. अशा विचारातून निघालेला नियम असा : त्याच क्षेत्रात ठिकाणे चौपट झाली, तर त्यांना जोडणारा मार्ग साधारणपणे दुपटीनेच वाढतो. म्हणजे जेथे ग्राहक दाट, तेथे प्रत्येकामागे प्रवास कमी.

दाट वस्तीस हा नियम लाभदायक आहे. पण त्यात एक धोकाही दडलेला आहे. केवळ अंतर वाचविण्यास सांगितलेले यंत्र नेहमी दाट वस्तीकडेच वळेल, आणि कडेच्या वस्तीतील एकटा ग्राहक रोज यादीच्या तळाशी राहील. गणित दिलेल्या अटी चोख पाळते. परंतु कोणत्या अटी द्याव्यात, हे ते सांगत नाही. पंडरीच्या तीनचाकीची पाच वाजताची वेळ कोणी तरी अट म्हणून लिहिली, म्हणूनच ती मार्गात प्रथम आली.