बाई, तुम्ही बघायला होतात का?

मुलांनो, बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिलं असेल. सपाट माळावरून चालत काठाशी यावं, तर समोर एकदम भलीमोठी वाटी! या काठापासून त्या काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, आणि तळाशी खारं पाणी.

गेल्या वर्षी चौथीच्या वर्गात मी ऐटीत सांगून टाकलं, "हा खड्डा अशनी आदळून झालाय." अशनी म्हणजे आकाशातून जमिनीवर येऊन पडणारा दगड. तर मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, तुम्ही बघायला होतात का?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण खरं सांगते, मला उत्तर देता येईना. पुस्तकात लिहिलंय, एवढंच मला ठाऊक होतं! मग घरी जाऊन वाचायला बसले.

लोणारला गोष्ट सांगतात ती लवणासुराची. विष्णूने दैत्यसूदनाचं रूप घेऊन त्याला इथे मारलं म्हणे. शास्त्रज्ञांनाही खरं कारण लगेच कळलं नव्हतं बरं का! आपलं दख्खनचं पठार लाव्हारसाच्या काळ्या दगडाचं, तेव्हा खड्डाही ज्वालामुखीचाच, असं अनेकांना वाटे. साहजिकच आहे. पण हा लाव्हा थंड झाला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. खड्डा तेव्हाचा असता तर पावसापाण्याने केव्हाच झिजला असता. त्याची कड तर अजून उभी आहे!

मग भारतातल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सरोवराचा तळ खोल खोदून दगडांचे नमुने वर काढले. त्यात काही स्फटिक न वितळताच काचेसारखे झालेले सापडले. असं व्हायला एका क्षणात जो प्रचंड दाब लागतो, तो ज्वालामुखीत नसतो, अशनीच्या धडकेत असतो. १९७३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात परात नेली. परातीत चार बोटं बारीक, कोरडी माती, वर रांगोळीचा पातळ थर. हात उंच करून गोटी सोडली. खड्डा पडला, भोवती कड उचलली गेली आणि खालची माती रांगोळीवर उडाली. (घरी करणार असाल तर अंगणात करा, नाहीतर आईचा ओरडा मला बसेल.)

ती मुलगी पुन्हा उभी! "बाई, आपली गोटी इथंच आहे. लोणारचा दगड कुठंय?"

या वेळी माझी तयारी होती. आपली गोटी पडली हातभर उंचीवरून. तो दगड आला सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने. अशा धडकेत एवढी उष्णता होते की दगडाचा बहुतेक भाग वितळून वाफ होऊन जातो.

"आणि केव्हा पडला?" तिचा पुढचा प्रश्न. इथे मात्र शास्त्रज्ञांचंही एकमत नाही. एका पद्धतीने वय आलं सुमारे ५२ हजार वर्षं. दगडात अडकलेला अरगॉन वायू मोजून २०११ मध्ये आलं सुमारे ५ लाख ७० हजार. दहापटीहून जास्त फरक!

यंदा आमची सहल लोणारलाच जाणार आहे. काठावरचे दगडांचे थर बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, असं मी वाचलंय. ते डोळ्यांनी बघायचं आहे. ती मुलगी आता पाचवीत, दुसऱ्या शाळेत गेली. तिलाही निरोप धाडलाय.