महाधमनीचा तुकडा
बेळगावात 2010 साली डॉ. महांतेश रामण्णवर यांनी विद्यार्थ्यांसमोर आपल्या वडिलांच्याच देहाचं विच्छेदन केलं. वडिलांची इच्छाच तशी होती. छाती लागते अशा कामाला! पण फॉर्मॅलिनमध्ये राखलेल्या देहावर शरीररचना शिकता येते, महाधमनी का फुगते ते फारसं उलगडत नाही. त्यासाठी शस्त्रक्रियेत कापलेला, एरवी कचऱ्यात जाणारा धमनीच्या भिंतीचा तुकडा लगोलग उणे 80 अंशांवर गोठवावा लागतो. सोबत त्याच रुग्णाचं रक्त. मग भिंतीतले इलास्टिनचे लवचीक तंतू कुठे तुटले, कोणतं जनुक बिघडलं, हे ताडून पाहता येतं. निपाणीच्या तंबाखूपट्ट्याने तर याकडे लक्ष द्यावंच: पोटातली महाधमनी फुगण्यामागे धूम्रपान हे मोठं कारण. नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेला देताना नावाऐवजी सांकेतिक क्रमांक लागतो. संमती मात्र आधीच, रुग्णाला कळेल अशा मराठीत किंवा कन्नडमध्ये.