इंग्रजीतील आवर्तनवाचक शब्द : मोजणी कशाची?

एखादी क्रिया ठरावीक अंतराने पुनःपुन्हा घडते हे सांगण्यासाठी प्रत्येक भाषेला काही शब्द योजावे लागतात. अशा आवर्तनवाचक शब्दांचा अर्थ वरवर पाहता निव्वळ अंकगणिताचा वाटतो. परंतु मोजायचे नेमके काय, हा प्रश्न अंकगणिताच्या आधीचा आहे. एका कालखंडात घडणाऱ्या घटना मोजायच्या, दोन घटनांमधील काळ मोजायचा, की मध्ये रिकामे गेलेले दिवस मोजायचे? आवर्तन एकच असले तरी रीतीगणिक संख्या पालटते. इंग्रजीतील या शब्दांची संदिग्धता मुख्यतः यातून उद्भवते, की आपण कोणती रीत अनुसरतो हे शब्द स्वतः सांगत नाही.

‘बाय-’ हा उपसर्ग याचे ठळक उदाहरण होय. लॅटिनमधील ‘बिस’ म्हणजे ‘दोनदा’ या शब्दाशी त्याचे नाते आहे; संस्कृतातील ‘द्विः’ हा त्याचाच सगोत्र. हा ‘दोन’ कालखंडाला गुणतो की भागतो, हे उपसर्गावरून कळत नाही. त्यामुळे ‘बायवीकली’ म्हणजे आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, असे दोन्ही अर्थ कोशांत नोंदलेले आढळतात. पहिल्या अर्थाने वर्षात १०४ आवर्तने होतात, दुसऱ्या अर्थाने २६. म्हणजे फरक चौपटीचा. ‘बायमन्थली’चीही तीच गत : २४ किंवा ६. वर्षाच्या बाबतीत भाषेने ‘बायॲन्युअल’ (वर्षातून दोनदा) आणि ‘बायेनियल’ (दोन वर्षांतून एकदा) अशी फोड केली खरी. पण ध्वनिसाम्यामुळे ती व्यवहारात पुरतेपणी टिकत नाही. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या इंग्रजी प्रयोगकोशात कालवाचक शब्दांना जोडलेल्या या उपसर्गाला संकर आणि संदिग्धता असे दोन्ही दोष लावून, त्याऐवजी साधे देशी शब्द सुचविले होते. ‘फोर्टनाइट’ हा असाच देशी शब्द. जुन्या इंग्रजीतील ‘चौदा रात्री’ या शब्दसमूहाचा तो संक्षेप आहे. ब्रिटनमध्ये व भारतीय इंग्रजीत तो रूढ आहे. अमेरिकेत मात्र तो फारसा प्रचारात नसल्याने तेथे वेतनाच्या व्यवहारात ‘बायवीकली’ (वर्षाला सामान्यतः २६ वेतने) आणि ‘सेमीमन्थली’ (२४ वेतने) हा भेद काटेकोरपणे पाळावा लागतो.

‘एव्हरी अदर डे’ या प्रयोगाचा इतिहास निराळा आहे. जुन्या इंग्रजीत ‘अदर’ हेच ‘दुसरा’ या क्रमवाचकाचे काम करीत असे. ‘सेकंड’ हा शब्द फ्रेंचमधून पुढे आला आणि त्याने ते स्थान घेतले. तथापि या प्रयोगात जुना अर्थ गोठून राहिला. म्हणून ‘एव्हरी अदर डे’ म्हणजे ‘प्रत्येक दुसऱ्या दिवशी’. शब्दशः ‘इतर प्रत्येक दिवशी’ असा अर्थ लावू पाहणारा परभाषक येथे हमखास अडतो.

परंतु ‘दुसरा’ तरी कोठून मोजायचा? रोमन लोक आरंभीचा दिवसही मोजणीत धरीत. दर आठ दिवसांनी भरणाऱ्या त्यांच्या बाजाराचे ‘नुन्दिने’ हे नाव त्यामुळे नऊ या संख्येवरून पडले. अठ्ठेचाळीस तासांनी उलटणाऱ्या हिवतापाला वैद्यकात ‘टर्शियन’ म्हणजे ‘तिसऱ्या दिवसाचा’ म्हणतात, तेही याच रीतीने. चरकसंहितेतील ‘तृतीयक’ ज्वर हीच मोजणी दाखवितो. मराठीत मात्र अशा तापाला ‘एकांतरा’ म्हटले गेले. येथे मोजला आहे तो मधला मोकळा दिवस. एकाच आवर्तनाला अशा प्रकारे एक, दोन व तीन या तिन्ही संख्या लागू पडतात, आणि त्यांपैकी एकही चुकीची नाही.

हा प्रश्न केवळ शब्दचर्चेचा नाही. औषधपत्रावर ‘रोज’ या अर्थी ‘क्यू. डी.’ आणि ‘दिवसाआड’ या अर्थी ‘क्यू. ओ. डी.’ लिहिण्याचा प्रघात होता. यांतील ‘ओ’ हा ‘अदर’चा. हस्ताक्षरात तो ‘आय’सारखा दिसल्यास दिवसाआडचे औषध दिवसातून चार वेळा, म्हणजे आठपट, दिले जाण्याचा धोका. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये ही दोन्ही लघुरूपे वर्ज्य ठरविली आणि ती पूर्ण शब्दांत लिहावीत असे सांगितले.

मराठीतील ‘आड’ हे अव्यय या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. ते नेहमी मधले अंतरच मोजते. सोमवारी आरंभ केल्यास ‘दिवसाआड’ म्हणजे बुधवार आणि ‘दोन दिवसांआड’ म्हणजे गुरुवार; उलट ‘दर दोन दिवसांनी’ म्हटल्यास पुन्हा बुधवारच येतो. अनुवादक नेमका येथे फसतो. ‘एव्हरी टू डेज’ याचे ‘दोन दिवसांआड’ असे भाषांतर केले की एक दिवस वाढतो.

परिभाषेतही हीच दक्षता हवी. रिझर्व्ह बँकेचे पतधोरण २०१४ पासून ‘बायमन्थली’ झाले. ‘द्वैमासिक’ हा मराठी शब्द येथे मूळ शब्दाहून अधिक नि:संदिग्ध ठरतो, कारण महिन्यातून दोनदा यासाठी मराठीत ‘पाक्षिक’ आहे. पण ‘फोर्टनाइटली’साठी तोच ‘पाक्षिक’ योजला, तर दुसरी अडचण उभी राहते. १ व १६ तारखेस निघणाऱ्या पाक्षिकाचे वर्षाला २४ अंक होतात. चौदा-चौदा रात्रींच्या हिशेबाने ते २६ झाले असते. तात्पर्य, आवर्तनवाचक शब्दाचा प्रतिशब्द शोधण्यापूर्वी मूळ शब्द काय मोजतो हे ठरविणे अगत्याचे आहे. आणि जेथे तो ते सांगत नाही, तेथे वार, तारीख किंवा वर्षातील आवर्तनांची संख्या स्पष्ट लिहिणे हाच निर्दोष मार्ग होय.