उन्हाळी कार्यशाळा आणि पदरचे पैसे

मे महिना लागला की नंदुरबारचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पीएच.डी. करणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर संशोधन पद्धतीच्या कार्यशाळांच्या जाहिराती फिरू लागतात. धडगाव-अक्कलकुव्याकडचा विद्यार्थी मुंबई-पुण्याचे नाव वाचतो आणि ‘आपल्याला कुठे परवडणार?’ म्हणून सोडून देतो.

परवडते. निदान सामाजिक शास्त्रांत तरी. १९६९ साली स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद (आयसीएसएसआर) विद्यापीठांना आणि संस्थांना दहा दिवसांच्या संशोधन पद्धती अभ्यासक्रमासाठी अनुदान देते. निवड झालेल्यांचे राहणे-जेवण आणि बाहेरगावच्यांचा प्रवासखर्च साधारणपणे त्यातूनच भागवतात. घोळ असा, की भरमसाट शुल्काच्या खासगी कार्यशाळाही त्याच गटांवर, त्याच थाटात फिरतात. म्हणून जाहिरातीत आधी ‘आयसीएसएसआर पुरस्कृत’ हे शब्द शोधावेत.

‘नेट-जेआरएफ नाही, म्हणजे पैसा नाही’ हा समज जास्त नुकसान करतो. ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, तिथे तर फारच. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप दरवर्षी ७५० नव्या संशोधकांना मिळते. निवड पदव्युत्तर गुणांवर होते, नेटची सक्ती नाही. फेलोशिपसोबत आकस्मिक खर्चाचे अनुदानही असते. त्यात कार्यशाळेचे शुल्क बसते का, हे लेखा विभागाला जाण्याआधी विचारावे, परत आल्यावर नव्हे.

फेलोशिप थेट खात्यात येते, त्यामुळे आधार जोडणी तपासून ठेवावी. देशातले पहिले आधार कार्ड २०१० मध्ये शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिले गेले, तरी आपल्याकडे कुणाचे पैसे या जोडणीपायी अडकणारच नाहीत, असे नाही!

विज्ञानवाल्यांचा एक वेगळाच घोटाळा आहे. तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप ही पदवी-पदव्युत्तर विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी आहे, पीएच.डी.वाल्यांनी तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नये.

आणि ‘कोर्सवर्क झाले, आता प्रशिक्षण कशाला?’ कोर्सवर्कमध्ये नमुना निवड म्हणजे काय ते कळते. पण ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या, सहा महिने घराला कुलूप असलेल्या कुटुंबांचा नमुना कसा घ्यायचा? पावरी बोलीत विचारलेल्या प्रश्नाचे मराठी उत्तर कसे नोंदवायचे? हे दहा दिवस अनुभवी माणसांसोबत बसल्यावरच उलगडते. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात १९६३ पासून असे उन्हाळी वर्ग भरतात, आणि डॉक्टरेट करणारेही त्यांना बसतात.

खरी अडचण निराळी आहे. प्रवासखर्च बहुधा नंतर मिळतो, तिकीट मात्र आज काढावे लागते. ज्याच्या घरी महिन्याची शिल्लक नाही, त्याची गाडी तिथेच अडते. महाविद्यालयांनी अशा विद्यार्थ्यांना उचल द्यायला हवी. रक्कम दोन-तीन हजारांच्या पुढे क्वचितच जाते.

तोवर विद्यार्थ्यांनी एवढे करावे: मार्गदर्शक सुट्टीवर जाण्यापूर्वीच शिफारसपत्रावर सही घ्यावी, आणि तिकीट, पावत्या व हजेरीचे प्रमाणपत्र जपून ठेवावे. मूळ तिकिटाशिवाय बिल पास होत नाही.