मिठाचा कर, मृत्युकर

खानदेशातून येऊन सुरतेच्या लिंबायतला स्थिरावलेला कापड कामगार प्राप्तिकर भरत नाही. म्हणून तो करच भरत नाही, हे म्हणणे चूक आहे. मोबाइल रिचार्जवर तो 18 टक्के जीएसटी देतो. त्याच्या मालकालाही दर तोच, पण कामगाराच्या बाबतीत हा पैसा घरखर्चातून जातो. सुरतेने हा अन्याय फार आधी ओळखला होता. 1844 मध्ये मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया झाला, तेव्हा शहर रस्त्यावर उतरले. श्रीमंतांवरचे कर मात्र उठत गेले. मृताच्या मालमत्तेवरचा 1953 चा मृत्युकर 1985 मध्ये गेला, 1957 चा संपत्तीकर 2015 च्या अर्थसंकल्पाने रद्द केला. वारशाने कोट्यवधी मिळाले, तरी भारतात आज त्यावर वारसाकर नाही.