वाढदिवस रशियात? तारीख कोणती धरायची?

शिवजयंती तारखेने की तिथीने, हा वाद आपल्याला तोंडपाठ आहे. रशियन लेखकांच्या बाबतीत तो घरोघरी आहे. १९१८पर्यंत रशिया जुन्या ज्युलियन कॅलेंडरावर चालायचा आणि उरलेल्या युरोपच्या मागे पडायचा. अठराव्या शतकात ११ दिवस, एकोणिसाव्यात १२, विसाव्यात १३. मग १९१८ साली ३१ जानेवारीची रात्र सरली आणि थेट १४ फेब्रुवारी उजाडला. १ ते १३ फेब्रुवारीत ज्यांचा वाढदिवस होता, त्यांचा त्या वर्षी आलाच नाही! तेव्हा रशियातल्या लेखकांची घरं बघत वाढदिवस करायचा बेत असेल, तर त्यांच्या दोन्ही तारखा वहीत उतरवून घ्या. तुमच्या तारखेचा कुणीतरी जोडीदार सापडतोच.

६ जूनवाले सगळ्यांत भाग्यवान. पुश्किनचा जन्म मॉस्कोतला, १७९९ सालचा. जुन्या हिशेबाने २६ मे, नव्याने ६ जून. हाच रशियात रशियन भाषेचा दिवस. गुरुजींनी शाळेत नाव घालताना ज्यांना सरसकट १ जून बहाल केला, त्यांचा पाच दिवसांनी हुकला.

पुश्किनप्रेमींनी सेंट पीटर्सबर्गमध्ये नेव्हस्की रस्त्यावरची १८ नंबरची इमारत पाहावी. तिथे तेव्हा वुल्फ आणि बेरांजे यांचं मिठाईचं दुकान होतं. २७ जानेवारी १८३७ला (अर्थात जुन्या तारखेने) पुश्किन इथे आपल्या साक्षीदार मित्राला, डांझासला, भेटला आणि दोघे निघाले ते थेट द्वंद्वयुद्धाला. दोन दिवसांनी मोइका नदीकाठच्या १२ नंबरच्या घरात तो गेला. वय अवघं ३७. ते घर आता संग्रहालय आहे, आणि नव्या तारखेने दर १० फेब्रुवारीला दुपारी पावणेतीनला, त्याच्या मृत्यूच्या वेळी, लोक तिथे स्तब्ध उभे राहतात. १० फेब्रुवारीला वाढदिवस असणाऱ्यांनी केक संध्याकाळी कापावा.

२८ तारखेची मंडळी मात्र टॉलस्टॉयची. जुन्या हिशेबाने जन्म २८ ऑगस्ट १८२८, थोरला मुलगा सेर्गेईचा २८ जून, आणि म्हातारपणी घर सोडून निघाला तो दिवस २८ ऑक्टोबर १९१०. हा आकडा त्याला लाभाचा वाटायचा. मॉस्कोपासून साधारण २०० किलोमीटरवर, तूला शहराजवळ, त्याचं यास्नाया पोल्यानाचं घर आहे. तिथे बघायची वस्तू म्हणजे एक चामडी सोफा. टॉलस्टॉय याच सोफ्यावर जन्मला, त्याची काही मुलंही इथेच जन्मली, आणि पुढे हाच सोफा त्याच्या अभ्यासिकेत येऊन बसला. बाळंतिणीची खाट आणि कादंबरीकाराची बैठक एकच, हे मला त्या घरातल्या कुठल्याही तसबिरीपेक्षा जास्त बोलकं वाटतं. बाहेर झाडीत त्याची समाधी आहे. गवताचा एक उंचवटा, बस्स. ना क्रूस, ना नाव.

केक नको असेल तर तूलाचा प्र्यानिक घ्या. मधाचा, मसाल्याचा, वर नक्षी उठवलेला, आत मुरंबा. एवढा भरभक्कम की मेणबत्ती रोवायला जोर लावावा लागतो. मॉस्कोत थांबणार असाल तर टॉलस्टॉयचं खामोव्हनिकीतलं घर चुकवू नका. तिथे त्याची सायकल आहे. साहेब सायकल शिकले सदुसष्टाव्या वर्षी! साठी उलटलेल्यांनी वाढदिवसाला हे घर जरूर बघावं आणि गुडघेदुखीबद्दल तेवढा दिवस तरी बोलू नये.

मॉस्कोत साडोवाया-कुद्रिन्स्काया रस्त्यावर चेखवचं घर आहे. दारावर डॉक्टर म्हणून नावाची पाटी. त्याच्या ‘तीन बहिणी’ नाटकाची सुरुवात इरिनाच्या नामदिनाने होते, आणि म्हातारा डॉक्टर तिला चांदीचा समोवार भेट देतो तेव्हा सगळे कपाळाला हात लावतात. नामदिन म्हणजे ज्या संताचं नाव आपल्याला ठेवलं त्याचा दिवस. जुन्या रशियात वाढदिवसापेक्षा त्याचाच थाट मोठा. ‘युद्ध आणि शांती’मध्ये रोस्तोव्हांकडे मायलेकींचा नामदिन एकदमच, कारण दोघींचंही नाव नताल्या. खर्चात बचत!

१५ मेवाल्यांना बुल्गाकोव्ह भेटतो. मॉस्कोतली बोल्शाया साडोवाया १०, फ्लॅट ५०, आणि ‘मास्टर आणि मार्गारिटा’च्या वाचकांनी भिंती रंगवून टाकलेला तो जिना. पीटर्सबर्गला जुलैचा पहिला शनिवार दोस्तोयेव्स्कीचा. ‘अपराध आणि शिक्षा’ जुलैच्या सुरुवातीच्या उकाड्यात सुरू होते, म्हणून हा मुहूर्त. नायक रास्कोल्निकोव्हच्या दारापासून सावकारणीच्या घरापर्यंत ७३० पावलं, असं कादंबरीतच आहे. हौशी लोक मोजत जातात. लेखकाच्या कुझनेच्नी गल्लीतल्या शेवटच्या घरात मात्र सावकाश थांबा. काचेखाली तंबाखूची एक छोटी डबी आहे. तिच्या तळाशी त्याच्या अकरा वर्षांच्या मुलीने, ल्युबाने, २८ जानेवारी १८८१ ही तारीख लिहिली आहे, आणि बाबा गेले एवढंच.

१ ऑगस्टवाल्यांनी मॉस्कोतलं परदेशी साहित्याचं ग्रंथालय गाठावं. तिथे अण्णाभाऊ साठे यांचा पुतळा आहे, २०२२मध्ये बसवलेला. ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिणाऱ्या माणसाला मॉस्कोत भेटणं, तेही त्याच्या जन्मतारखेला, हे मराठी माणसाला चांगलंच जमतं.

आता रीतिरिवाज. वाढदिवसाच्या आधी कुणी शुभेच्छा देणार नाही, अपशकुन मानतात. फुलं विषम संख्येतच, सम संख्या अंत्ययात्रेसाठी. जितकी वर्षं तितक्या वेळा कान ओढतात, तेव्हा पन्नाशीच्या पुढच्यांनी वय सांगताना विचार करावा. बहुतेक संग्रहालयं आठवड्यातून एक वार बंद असतात आणि महिन्यातून एकदा साफसफाईसाठी, ते आधी बघून ठेवा. पार्टी अर्थातच ज्याचा वाढदिवस त्याने द्यायची. भारतातली व्हिसा-मास्टरकार्ड तिथे २०२२पासून चालत नाहीत, म्हणून रोख रूबल भरपूर ठेवा. रशियन पाहुणे जेवायला बसले की लवकर उठत नाहीत.