घराच्या ओसरीतील वनस्पती : लेखांक सहावा – आंबुशी

मागील लेखांकात कोरफडीच्या निमित्ताने पाण्याच्या अतिरेकाचा उल्लेख ओघानेच आला होता. आज जिची कैफियत मांडावयाची आहे, त्या आंबुशीच्या बाबतीत हा अतिरेक ममतेपोटी आणि तोही नेमका चैत्र-वैशाखात घडत असल्यामुळे त्याचा निवाडा आरंभीच करणे इष्ट.

मोडनिंबच्या आसपास विहिरीच्या थारोळ्याशी, मोरीच्या सांडपाण्याच्या काठी आणि पेरूच्या आळ्यांत आपण होऊन वहिवाट स्थापन करणारी, तीन बदामी पानांची व पिवळ्या फुलांची आंबुशी सर्वांच्या परिचयाची आहे. चरकाच्या चांगेरी घृतातील चांगेरी ती हीच. हिच्या पक्व शेंगेला बोट लागताच बी उसळून दूर पडते, आणि म्हणून एका कुंडीत हिला थारा दिला की शेजारच्या कुंड्या तिच्या जहागिरीत दाखल झाल्याच असे समजावे. रोपवाटिकेतून आपण दाम मोजून आणतो ती जांभळ्या, त्रिकोणी पानांची आंबुशी मात्र ब्राझीलकडची. तिचे सारे भांडवल जमिनीखालच्या खवलेदार कंदांत साठविलेले असते.

सायंकाळ होताच ही आपली पाने मिटते. पर्णिका जेथे देठास जोडलेल्या असतात, तेथील सांध्याच्या पेशींतील पाण्याचा दाब बदलल्याने ही हालचाल घडते. डार्विनने 1880 साली प्रसिद्ध केलेल्या वनस्पतींच्या हालचालींवरील ग्रंथात या कुळातील पानांच्या निद्रेची बारकाईने नोंद केली आहे. भर दुपारच्या प्रखर उन्हातही पाने अशीच मिटतात, आणि नवखा मालक ती तहानलेली समजून तांब्या घेऊन धावतो.

आपल्या टापूतील काळी माती शेताला कितीही उपकारक असली तरी कुंडीत ती पाणी धरून बसते व कंद कुजवते. यास्तव तिच्यात तितकेच चाळलेले शेणखत व तितकीच जाड वाळू मिसळावी, कंद दोन बोटे खोल लावावेत, कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवावी, आणि वरची माती सुकल्यावाचून पाणी देऊ नये. बोअरचे क्षारयुक्त पाणी मातीवर पांढरा थर आणते. पागोळ्यांचे पाणी साठविण्याची तजवीज असेल तर उत्तम.

पारा चाळिशीकडे झुकू लागला की पाने पिवळी पडून लोळू लागतात. हा मृत्यू नव्हे, विश्रांती होय. अशा वेळी खत आणि पाणी दोन्ही तहकूब करावे, वाळलेली पाने कापावीत आणि कुंडी सावलीच्या कोनाड्यात रवाना करावी. मृगाच्या सुमारास हवा निवली की थोडे पाणी देऊन पाहावे. आमच्याकडे खरा पाऊस पुष्कळदा भाद्रपदात येतो, तेव्हा त्याची वाट पाहात बसण्याचे कारण नाही. कंद वेगळे करून कुंड्या वाढविण्याची हीच वेळ.

कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी जमतो; त्यास पाण्याचा फवारा पुरेसा होतो. नारिंगी ठिपके दिसल्यास मात्र ती पाने तत्काळ काढून टाकावीत, कारण तो तांबेरा असतो. मक्याच्या तांबेऱ्याची बुरशीही आपल्या जीवनचक्राचा एक टप्पा याच कुळातील वनस्पतींवर काढते, हे मका पेरणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे. आंबट चवीपायी मुले पाने चघळतात; चुक्याच्या भाजीतले ऑक्झॅलिक आम्लच येथेही असल्याने एखाद्या पानाने काही बिघडत नाही, परंतु मूतखड्याचा विकार असणाऱ्यांनी हा मोह आवरावा, आणि घरात मांजर असल्यास कुंडी फळीवर चढवावी.